चित्रपटाचे भांडवल : मास्टर भगवान यांच्या चरित्रावरून



"मोठा झालो म्हणजे मी स्वतः चित्रपट काढीन," असे म्हणणारी दोनचार मुले हल्ली प्रत्येक वर्गात असतातच. पूर्वी ज्यास कॅमेरा पाहावयास मिळणेही दुर्लभ होते, त्याच्या खिशात आज मोबाईलच्या रूपाने कॅमेरा असतो. तेव्हा मुलांच्या मनात ही हौस उत्पन्न व्हावी यात नवल नाही. हे ऐकून आईबापांच्या पोटात मात्र गोळा उठतो; कारण ह्या धंद्यात अनेकांची घरेदारे गेल्याचे त्यांच्या कानी असते. मुलांची हौस निंद्य नव्हे आणि आईबापांची भीतीही अनाठायी नव्हे. म्हणून उभयतांच्या विचारासाठी आपल्याच अमरावतीत जन्मलेल्या एका पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात सांगतो.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ साली अमरावती येथे झाला. पुढे सर्व देश त्यांस 'मास्टर भगवान' अथवा 'भगवानदादा' ह्या नावाने ओळखू लागला. त्यांचे वडील कापडगिरणीतील कामगार होते. भगवान यांचे बाळपण मुंबईच्या कामगारवस्तीत गेले व त्यांनी स्वतःही मजुरी केली. जवळ द्रव्य नाही, मोठे शिक्षण नाही, वशिला नाही. होते ते केवळ कसरतीने कमावलेले शरीर आणि चित्रपटाचे वेड. मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत त्यांस लहानसहान कामे मिळू लागली.

येथे त्यांचे पहिले शहाणपण दिसून येते. पडद्यावर तोंड दिसले एवढ्यावर ते संतुष्ट राहिले नाहीत. चित्रपट तयार कसा होतो, हे त्यांनी हाताने काम करून शिकून घेतले. १९३८ साली 'बहादुर किसान' ह्या चित्रपटाचे दिग्दर्शन त्यांनी चंद्रराव कदम यांच्यासमवेत केले. त्यानंतर ते अल्प खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढू लागले. अवघ्या ६५,००० रुपयांतही त्यांनी चित्रपट पुरा केल्याचे सांगतात. हे साधले कसे? नटांच्या पोशाखाची आखणी तेच करीत, मंडळींच्या जेवणाची व्यवस्थाही तेच पाहत, अभिनय व दिग्दर्शनही त्यांचेच. ज्या कामाचा मोबदला दुसऱ्यास द्यावा लागतो, ते काम स्वतःस येत असणे हेच निर्धन माणसाचे पहिले भांडवल होय.

दुसरे भांडवल म्हणजे आपल्या प्रेक्षकाची ओळख. त्यांचे हे चित्रपट श्रमजीवी लोकांसाठी होते. दिवसभर राबून आलेल्या माणसास पडद्यावर काय पाहावेसे वाटते, हे गिरणीकामगाराच्या ह्या मुलास पुस्तकातून वाचावे लागले नाही.

आता ह्या धंद्यातील पैसा कोणत्या वाटेने चालतो ते पाहू. चित्रपट काढतो तो निर्माता, तो गावोगाव पोचवितो तो वितरक आणि थिएटरात दाखवितो तो प्रदर्शक. वितरणाच्या सोयीसाठी देशाचे विभाग पाडलेले आहेत. त्यांपैकी एकास 'सी. पी. बेरार' म्हणतात. मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रांत राज्यकारभारातून केव्हाच गेला, पण चित्रपटाच्या धंद्यात त्याचे नाव टिकून राहिले, आणि त्या विभागाच्या वितरणाचे एक मोठे ठाणे म्हणून आपल्या अमरावतीचे नाव झाले. प्रेक्षक तिकिटासाठी जो रुपया देतो, त्यातून प्रथम सरकारी कर वजा होतो. मग थिएटरवाला आपला वाटा घेतो. मग वितरक आपला खर्च व दलाली कापून घेतो. आणि जे शिल्लक राहील ते निर्मात्याच्या हाती पडते. म्हणजे ज्याने सर्वांआधी पैसा घातला, त्यास तो सर्वांच्या शेवटी मिळतो. अकोल्याच्या बाजारात कापूस विकून आलेल्या शेतकऱ्यास हे गणित निराळे समजावून सांगावयास नको.

१९४२ साली भगवान यांनी 'जागृति पिक्चर्स' ही स्वतःची संस्था काढली. तो काळ अनुकूल होता असे नव्हे. दुसरे महायुद्ध चालू होते, कच्ची फिल्म परदेशातून येई व तिचा तुटवडा पडला होता. लवकरच सरकारने फिल्मवर नियंत्रण घातले आणि चित्रपटाची लांबी ११,००० फुटांपेक्षा अधिक असू नये असा नियम केला. बोलपटाची फिल्म मिनिटास ९० फूट ह्या वेगाने धावते. विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा : सुमारे दोन तासांत सर्व कथा संपविणे भाग होते. पण थोडक्यात काम करण्याची सवय ज्यास आधीच लागलेली होती, त्यास ही टंचाई इतरांइतकी जड गेली नसावी. १९४७ साली त्यांनी चेंबूर येथे 'जागृति स्टुडिओ' उभारला. १९४९ सालचा त्यांचा 'भेदी बंगला' हा रहस्यपट गाजला.

ह्याच सुमारास राज कपूर यांनी त्यांस सामाजिक कथेचा चित्रपट काढण्याची सूचना केली, असे सांगितले जाते. त्यातून १९५१ साली 'अलबेला' निर्माण झाला. नाटकात नाव काढण्याची स्वप्ने पाहणारा व त्यासाठी घर सोडावे लागलेला एक गरीब तरुण हा त्याचा नायक. ती भूमिका भगवान यांनीच केली. नायिका गीता बाली, संगीत त्यांचे स्नेही सी. रामचंद्र यांचे. ह्या चित्रपटास अपूर्व यश लाभले; त्यातील गाणी आजही लग्नाच्या वरातीत वाजतात, आणि भगवान यांची ठेक्यावर डुलण्याची लकब पुढील नटांनी उचलली. गिरणीकामगाराच्या मुलाचा जुहूस बंगला झाला. दारी मोटारींचा ताफा उभा राहिला.

परंतु चरित्र येथे संपत नाही. किंबहुना पालकांनी व मुलांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग येथूनच सुरू होतो. 'अलबेला'च्या धर्तीवर काढलेल्या 'झमेला' (१९५३) व पुढे 'लाबेला' (१९६६) ह्या चित्रपटांस ते यश आले नाही. 'हँसते रहना' नावाच्या चित्रपटात त्यांनी पुष्कळ पैसा घातला. तो चित्रपट पुराच झाला नाही. बंगला विकला, मोटारी विकल्या, आणि भगवानदादा दादरच्या चाळीतील लहानशा बिऱ्हाडी परत आले. पोटासाठी ते इतरांच्या चित्रपटांत मिळेल ती लहान भूमिका करीत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्याच दादरच्या घरी त्यांचे निधन झाले.

ह्या माणसाची कला संपली होती काय? मुळीच नाही. कलेत ते पूर्वीइतकेच कुशल होते. बदलला होता तो डाव. लहान चित्रपट पडला तर पुढल्या लहान चित्रपटाने तूट भरून निघे. सर्व मिळकत एकाच चित्रपटाच्या मागे लागली, म्हणजे तो पडताच घरही त्याबरोबर पडते. पहिल्याच पावसावर विसंबून घरातील सगळे बियाणे पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याची जी गत, तीच ही. पावसाने दडी मारली तर दुबार पेरणीस तो काय आणणार?

योगायोग असा, की हीच पेरणी एका मराठी चित्रपटाचा विषय झाली. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) हा विदर्भातील कापूस पेरणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातील कथा सांगतो. त्यात भव्य देखावे नाहीत; आहे ते एक घर, एक शेत आणि न येणारा पाऊस. तरीही तो दूर हॉलंडातील रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखविला गेला. तत्पूर्वी मराठी चित्रपटधंद्यास ओहोटी लागली असता संदीप सावंत यांच्या 'श्वास' ह्या साध्या चित्रपटाने २००४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळविले. १९५४ साली 'श्यामची आई'स मिळालेला तो मान पन्नास वर्षांनी मराठीकडे परत आला. आजोबा, आजारी नातू व डॉक्टर एवढ्यावरच त्याची उभारणी होती. जवळचे, ओळखीचे आणि खरे ते सांगितले म्हणजे थोड्या पैशातही मोठे काम होऊ शकते.

कोणी म्हणेल, दादासाहेब फाळके यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवलीच ना? ठेवली, हे खरे. येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहून त्यांस हिंदी चित्रपट काढण्याची स्फूर्ती झाली व त्यांनी सर्वस्व पणास लावले. पण त्यांचा क्रम पाहा. १९१२ साली लंडनास जाऊन त्यांनी प्रथम विद्या शिकून घेतली, यंत्र आणले, आणि कुंडीतील रोपाच्या वाढीचा लहानसा चित्रपट घेऊन तो सावकारास दाखविला. पत्नी सरस्वतीबाई ह्यांनी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून सर्व मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत कामे अंगावर घेतली. मगच ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. आधी विद्या, मग प्रयोग, मग धाडस, हा तो क्रम होय.

तेव्हा मुलांनो, चित्रपट काढण्याची इच्छा असेल तर आजच आरंभ करा. पण पाच मिनिटांच्या चित्रपटाने करा. आजीच्या जात्याचा करा, गावच्या जिनिंगचा करा, आठवडी बाजाराचा करा. लेखन, छायालेखन, ध्वनी व संकलन ही चारही अंगे हाताखालून घाला. पुण्यास 'प्रभात'चा प्रसिद्ध स्टुडिओ बंद पडला, त्याच जागी १९६० साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली; पदवी घेऊन तेथे जाण्याची महत्त्वाकांक्षा अवश्य बाळगा. आणि प्रत्येक चित्रपटाचा जमाखर्च वहीत मांडीत जा. ही वहीही चित्रपटाचेच एक अंग आहे.

पालकांस विनंती एवढीच, की मुलाची हौस मोडू नये, परंतु त्यापायी शेतही मोडू नये. शिकण्यास साह्य करावे, लहान प्रयोगास उत्तेजन द्यावे, आणि घरची भाकरी व चित्रपटाचा पैसा ही दोन गाडगी पहिल्या दिवसापासून निराळी ठेवावयास शिकवावे. भगवानदादांजवळ हुन्नर होता, श्रम होते, लोकांचे प्रेमही होते. ह्या दोन गाडग्यांतील भिंत तेवढी राहिली नाही. त्यांच्या पूर्वार्धापासून उमेद आणि उत्तरार्धापासून सावधपणा जो घेईल, त्याच्या घरच्यांस त्याच्या चित्रपटाची भीती वाटावयाचे कारण उरणार नाही.