माठ आणि घाम

वैशाखात चंद्रपूर-नागपूरकडे पारा कधी कधी ४५ अंशांवर जातो. तरी माठातील पाणी गार असते. माठातून झिरपणाऱ्या पाण्याची वाफ होते व ती आतील उष्णता घेऊन जाते. आपला घामही हेच कार्य करतो. परंतु त्यासाठी शरीरात पाणी हवे. म्हणून मुलांनो, उन्हाळ्यात तहानेची वाट न पाहता पाणी, ताक, पन्हे प्यावे आणि भर दुपारी उन्हात हिंडू नये.

उन्हात कोणी बरळू लागल्यास वा बेशुद्ध पडल्यास तो उष्माघात समजावा. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला सावलीत निजवून त्याचे अंग पाण्याने भिजवावे व वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी घालू नये; ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. रुग्णवाहिका येईपर्यंत दिलेला हा गारवाच त्याचे प्राण वाचवू शकतो.