फांदी निंबाची, करवत विजेची

वळवाच्या वाऱ्यात दारातल्या निंबाची फांदी मोडून पडली, की जळगाव-धुळ्याकडच्या घरात विजेच्या करवतीचा विषय निघतो. मोबाईलवर ती अडीच हजारांना दिसते, दुकानात पंधरा हजार सांगतात.

अडीच हजारांची असते ती चार-सहा इंची, बॅटरीवरची. तिच्यावर ४८, कधी ८८ व्होल्ट छापलेलं असतं. बॅटरीत मात्र बहुतेक वेळा पाचच सेल असतात. लिथियमचा सेल पूर्ण चार्ज झाला तरी ४.२ व्होल्टचा, म्हणजे सगळे मिळून २१. लिंबू-डाळिंबाच्या छाटणीला ती पुरते. वाळलेल्या बाभळीच्या खोडापुढे तिचं काही चालत नाही.

वायरवर चालणारी १६ इंची घ्यायची तर बिननावाची साधारण चार ते आठ हजारांत मिळते, नावाजलेली बारा हजारांच्या पुढे. डब्यावरचे वॅट मी शेवटी बघतो. आधी दुकानदाराला त्याच मापाची सुटी साखळी काढून दाखवायला सांगा. साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीवर पिच, गेज आणि कड्यांची संख्या कोरलेली असते. त्याला जुळणारी साखळी आणि मोटरचे कार्बन ब्रश गावात मिळत नसतील, तर ते मशीन फुकटही महाग. बाभूळ कडक, त्यात सालीत अडकलेली माती. धार लवकर जाते. गोल कानस सोबतच घ्या.

मग साखळीचं तेल भरून मशीन सुरू करायला लावा. पट्टीचं टोक पुठ्ठ्यासमोर, थोडं लांब धरलं की तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. पुढची दांडी ढकलली की साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत उसळून तोंडाकडे येते, तेव्हा हा ब्रेकच वाचवतो. तो नसलेलं मशीन कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

दोन हजार वॅटच्या मशीनला जवळपास ९ अँपिअर लागतात; पंख्याच्या बोर्डावरचा ६ अँपिअरचा सॉकेट चालणार नाही, १६ चा हवा. वायर अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची, तीन तारांची. पंचवीस मीटरला काही हजार सहज जातात. वीजबिलाची काळजी नको, अर्ध्या तासाला एक युनिट. शेतात न्यायचा विचार असेल तर बांधापर्यंत सिंगल फेज पोचते का, ते आधी बघा.

मशीन, वायर, जादा साखळी, तेल, चष्मा, हातमोजे धरून वीस हजार होतात. वर्षातून दोनदा काम निघालं तर चार वर्षांत एका वेळेला अडीच हजार पडले. तुमच्या गावातला लाकूड कापून देणारा मशीनवाला त्याहून कमीत येत असेल तर त्यालाच बोलवा.

केळीच्या खोडाला मात्र ही करवत लावू नका. ओले धागे चाकाला गुंडाळले जातात. तिथे विळाच बरा.

पडलेली फांदी वेगळी, उभं झाड वेगळं. महापालिका हद्दीत स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. फांदी तारेवर टेकलेली असेल तर करवत बाजूला ठेवा आणि महावितरणला फोन करा.