सर्टिफिकेटपुरतं शिकू नकोस

सातारा

चि. सोनू हिस,


परवा फोनवर तू म्हणालीस, नर्सिंग रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण जवळ आलंय, सीएनईचे, म्हणजे सततच्या परिचर्या शिक्षणाचे, तास कमी पडताहेत आणि एकीने सुचवलंय की नुसती सही कर, सर्टिफिकेट मिळेल. नाईट संपवून लेक्चरला बसलं की डोळे मिटतात, हेही सांगितलंस. तुझा थकवा मला कळतो, अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर अशा रात्री मीही काढल्या आहेत. तरीही सांगते, ती सही करू नकोस.

आपल्याला शाळेत जे शिकवलं, त्यातलं बरंच पुढे बदलतं. आमच्या वेळी बॅक केअर म्हणजे स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळणं. माकडहाडाजवळ लाली दिसली की तिथे जास्तच चोळायचं. आज आपल्याला माहीत आहे की ती लाली म्हणजे दाबाने आतली त्वचा दुखावल्याची खूण असते. तिथे चोळलं तर इजा वाढते आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते. म्हणून कूस बदलायची, टाचा गादीवरून उचललेल्या ठेवायच्या, त्वचा ओली राहू द्यायची नाही आणि स्वच्छ राखायची. सीपीआरचंही तेच. 2010 पर्यंत आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती दाबणं असा क्रम होता. त्या वर्षी छाती दाबणं पहिलं आलं. 2015 मध्ये मिनिटाला 100 ते 120 हा वेग ठरला आणि मोठ्या माणसाची छाती 5 सेंटिमीटर तरी दाबायची, पण 6 च्या पुढे नाही, हेही ठरलं. जी सिस्टर 2009 साली शिकून थांबली, तिच्या पेशंटच्या वाट्याला आजही जुनाच क्रम येतो.

आता तुझ्याच ट्रेमधली गोष्ट घे. आपल्याकडे इन्सुलिनची व्हायल बहुधा मिलिलीटरला 40 युनिटची असते, तिची सिरिंज लाल टोपणाची. 100 युनिटची सिरिंज केशरी टोपणाची. 40 ची व्हायल आणि केशरी टोपणाची सिरिंज अशी गाठ पडली आणि तू 10 च्या रेघेपर्यंत भरलंस, तर पेशंटला मिळतात फक्त 4 युनिट. उलट झालं, म्हणजे 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये घेतलं, तर डोस अडीचपट जातो आणि पहाटे पेशंट घामाने थबथबून बेशुद्ध सापडतो. हे ऐकलेल्या सिस्टरचा हात टोपणाचा रंग बघूनच पुढे जातो. न ऐकलेलीचा तसाच जातो.

शिक्षणाने पेशंटला काय फरक पडतो, तेही बघ. 2014 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास छापून आला. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटांची पाहणी होती. जिथे पदवीधर परिचारिकांचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त, तिथे 30 दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी कमी आढळली. त्याच अभ्यासात एका परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की ती शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. दोन्ही आकडे लक्षात ठेव. शिक्षण हवं आणि हातही पुरेसे हवेत. म्हणून अधिसेविका मॅडमना भेटून स्पष्ट सांग, की वॉर्डातलं प्रशिक्षण ड्युटीच्या वेळेत धरा, नाईट ऑफच्या दिवशी बोलावू नका. चौघीजणी मिळून गेलात तर ऐकलं जाईल.

तुझ्या बाजूने तीन गोष्टी कर. खिशात छोटी वही ठेव आणि ड्युटीत अडलेला प्रश्न तिथल्या तिथे लिही. हे औषध कितीत पातळ करायचं, या पेशंटचं पोटॅशियम का घसरलं, असे प्रश्न. आठवड्यातून एकदा डॉक्टरांना किंवा ट्यूटरना विचारून त्यांची उत्तरं भर. दुसरं, कोर्स निवडताना हाताने करायला लावणारा निवड. पुतळ्यावर छाती दाबण्याचा सराव सुटला की काही महिन्यांत हात विसरतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. तिसरं, हँडओव्हरला पाच मिनिटं काढून एकाच औषधाबद्दल बोला. पोटॅशियम क्लोराइडपासून सुरुवात करा. त्याचा 10 मिलिलीटरचा अँप्युल डिस्टिल्ड वॉटरसारखाच दिसतो, पण तो पातळ न करता शिरेत गेला तर हृदय थांबतं. तो वेगळ्या कप्प्यात, ठळक लेबल लावून ठेवा. नव्या मुलींना समजावताना तुझंही पक्कं होईल.

तास भरतीलच. पण त्या तासांचा हिशेब नर्सिंग कौन्सिलपेक्षा आधी तुझ्या खाटेवरचा पेशंट मागणार आहे. तेव्हा या महिन्यात एक कोर्स मनापासून कर आणि काय शिकलीस ते मला लिहून कळव.

तुझी,
आत्या