निरोप पाठवा, उत्तर मागू नका

प्रश्न: पुण्यात माझ्याबरोबर शिकलेली मैत्रीण तुर्कस्तानात अंताक्याला राहते. भूकंपाला तीन दिवस झाले, तिचा फोन लागत नाही. काय लिहू?

उत्तर: आधी सारखा फोन लावणं थांबवा. ६ फेब्रुवारी २०२३च्या पहाटे ७.८ तीव्रतेचा धक्का बसला, दुपारी पुन्हा ७.५चा. तिथे वीज नाही, टॉवर बंद पडलेत. तिच्या फोनमध्ये उरलंसुरलं चार्जिंग असेल, तर ते घरच्यांना शोधायला लागेल. लेखी निरोप मात्र रेंज आली की पोहोचतो.

दोनच ओळी लिहा: ‘तुझीच काळजी वाटतेय. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.’ ‘घरचे सगळे सुखरूप ना?’ हे नको. उत्तर ‘नाही’ असेल, तर ते तिला स्वतःच्या हाताने टाइप करावं लागेल. तुर्की माणसं अशा वेळी ‘गेच्मिश ओल्सुन’ म्हणतात, म्हणजे हे संकट सरो. पण घरात कुणी गेल्याचं कळलं, तर ‘बाशन साऽ ओल्सुन’. या दोन्हींत गल्लत करू नका.

आणि ‘देवाची मर्जी’ वगैरे तर मुळीच नको. किल्लारीच्या लोकांनी १९९३च्या भूकंपानंतर ते पुष्कळ ऐकलं.

महिन्याभराने, बातम्या थांबल्या की, पुन्हा लिहा.