मीटरवरचे मैल कुणी कापले?

चि. निखिल,

तू बघून ठेवलेल्या दोन्ही मित्सुबिशी आउटलँडर पीएचईव्हींची, म्हणजे प्लग-इन हायब्रिडांची, माहिती वाचली. दोन्ही २०१६ च्या, किंमत जवळपास सारखी, एकीचं रनिंग ८०,००० मैल आणि दुसरीचं ४०,०००. तुझा कल दुसरीकडे आहे. साधी पेट्रोल गाडी असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण या गाडीत दोन यंत्रं एकत्र नांदतात. एक दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, दुसरं १२ किलोवॅट-अवर बॅटरीवरच्या दोन मोटर्सचं. मीटर मात्र दोघांचे मैल एकाच खात्यात जमा करतो. ते मैल कुणी कापले हे कळल्याशिवाय गाडी टिकेल की नाही हे ठरवू नकोस, एवढंच मला सांगायचं आहे.

जरा हिशोब कर. ही बॅटरी पूर्ण भरली की कागदोपत्री साडेबत्तीस मैल जाते. ब्रिटनमधली थंडी धरून रस्त्यावर वीस-पंचवीस धर. ४०,००० मैलांतले बहुतेक विजेवर झाले असतील, तर बॅटरी दीड ते दोन हजार वेळा भरून रिकामी झाली. एका चार्जमध्ये दोनशे मैल जाणाऱ्या पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला तेवढ्याच अंतरासाठी दोनशे वेळा पुरतात. लहान बॅटरीला असं राबावं लागतं. गाडी ती पूर्ण रिकामी होऊ देत नाही म्हणून हे निभतं, पण झीज व्हायची ती होतेच. शिवाय अशा गाडीचं इंजिनही ताजंतवानं असेल असं नाही. काही मॉडेलांत विजेचा हीटर नाही. तेव्हा हिवाळ्यात मुलांना शाळेत सोडताना नुसत्या उबेसाठी इंजिन सुरू व्हायचं आणि पाच-दहा मिनिटांत बंद. अशाने इंजिनच्या तेलात पाणी आणि पेट्रोल उतरतं, आणि ते उडून जाण्याइतकं तेल तापतच नाही. उलट बाजू बघ. ब्रिटनमध्ये २०१४ पासून ही गाडी धडाधड खपली, त्यात सुरुवातीच्या ५,००० पौंडांच्या सरकारी अनुदानाचा आणि कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना दिलेल्या गाड्यांवरच्या नाममात्र कराचा वाटा मोठा होता. २०१८ मध्ये कंपन्यांच्या प्लग-इन गाड्यांच्या इंधनाच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा कागदावर गॅलनला १३० मैलांच्या घरात असलेल्या गाड्या प्रत्यक्षात ४० च्या आसपास देत होत्या. काहींच्या तर चार्जिंगच्या केबल वेष्टनातून बाहेरही निघाल्या नव्हत्या! कर वाचवायला घेतलेली, मोटरवेवर गरम इंजिनाने पळालेली, वेळेवर सर्व्हिसिंग झालेली अशी गाडी ८०,००० मैलांची असूनही बॅटरीच्या बाबतीत तरणी असू शकते. म्हणून जास्त रनिंगवाली डोळे मिटून घे असंही नाही, कारण बॅटरी नुसत्या वयानेही उतरते.

मग ओळखायचं कसं? विक्रेत्याच्या बोलण्यावरून नक्कीच नाही. एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की फुकट दिसतो. पहिल्या तीन वर्षांतच साठ हजार मैल झाले असतील तर ती मोटरवेची गाडी. त्याच नोंदीत ब्रेकवरचे शेरे वाच. ही गाडी वेग कमी करताना मोटरकडूनच वीज परत मिळवते, त्यामुळे गावातल्या गावात विजेवर फिरलेल्या गाडीचे पॅड फारसे झिजत नाहीत, पण डिस्क गंजतात. मागच्या चाकाच्या जाळीतून टॉर्च मारून बघ. डिस्कच्या कडेला तांबूस पापुद्रा आणि मध्ये घासलेला अरुंद चकचकीत पट्टा दिसला, तर ब्रेकला फार काम पडलेलं नाही. अर्थात ही नुसती खूण झाली. पुरावा बॅटरीतूनच काढायचा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ डोंगल थोड्या पौंडांत मिळतो आणि मोबाइलवरचं अॅप बॅटरीची उरलेली क्षमता अँपिअर-अवरमध्ये दाखवतं. नवी असताना ती ४० च्या जवळ असते. तीस दिसले तर पाव बॅटरी गेली असं समज आणि किंमत त्या हिशोबाने पाड. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या मैलांना मात्र भुलू नकोस, तो आधीच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असतो.

तू म्हणशील, अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या २०२३ च्या पाहणीत प्लग-इन हायब्रिडांच्या तक्रारी पेट्रोल गाड्यांपेक्षा १४६ टक्के जास्त निघाल्या, मग असली गाडी घ्यायचीच कशाला? आकडा खरा आहे, पण ती तुलना ताज्या तीन मॉडेल वर्षांची होती आणि बरी-वाईट सगळी नावं त्या सरासरीत होती. त्याच पाहणीत साध्या हायब्रिडांच्या तक्रारी पेट्रोल गाड्यांपेक्षा कमी होत्या. म्हणजे दोन यंत्रं एकत्र आली की बिघाड दुप्पट, हे गणित काही बसत नाही. कारखान्यातले दोष बहुधा लवकर उघडे पडतात. २०१३ मध्ये आउटलँडरच्या बॅटऱ्यांमुळे जपानात उत्पादन काही महिने थांबलं होतं. २०२० मध्ये फोर्ड कुगाच्या प्लग-इनला आगीच्या धोक्यामुळे परत बोलावलं आणि बॅटऱ्या बदलून दिल्या. जुनी गाडी घेणाऱ्याला अशा दोषांचा निकाल आयता मिळतो, फक्त रिकॉलचं काम झाल्याची नोंद तपासायची. टोयोटाच घ्यावी म्हणतोस, तर आरएव्ही-४ ची प्लग-इन ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये आली. तेवढी नवी गाडी तुझ्या बजेटात बसायची नाही. बसली तरी बॅटरी तपासण्यातून सुटका नाहीच.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मित्सुबिशीने २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये नव्या गाड्या विकणं थांबवलं. सर्व्हिस सेंटर आहेत, पण बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी २०१६ च्या गाडीला केव्हाच संपली. तो धोका तुझ्याच माथी येणार, म्हणून तो किमतीत धर. आणि खासगी मालकाकडून न घेता डीलरकडून घे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष गाडी तीस दिवसांत परत करून पैसे मागता येतात, खासगी व्यवहारात ती सोय नाही.

आता दोन्हीकडे फोन करून एवढंच विचार: डोंगल लावून बॅटरी बघू द्याल का? जो नाही म्हणेल त्याची गाडी सोडून दे, रनिंग कितीही कमी असो.

तुझा,
मामा