हुर्राक स्वस्त, वाट महाग

इंदूरहून हिरव्या किनाऱ्याला जायचं आणि तिथली फळाची दारूही चाखायची, असा बेत असेल तर पाकिटाआधी कॅलेंडर उघडा. असा एक किनारा स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात आहे. तिथे सफरचंदाची सायडर हात उंच करून ग्लासात ओततात. 2024च्या डिसेंबरात युनेस्कोने ती परंपरा वारसा यादीत घेतली. तिकडे जायचं तर नुसत्या शेंगेन व्हिसाची फीच मोठ्या माणसामागे 90 युरो. आपल्याकडे जवळचं काही शोधायचं तर वेंगुर्ल्याहून तेरेखोलमार्गे गोव्यातल्या पेडण्याच्या किनाऱ्यावर उतरा. तिथे सफरचंदाच्या जागी काजूचं बोंडू असतं.

बोंडूंचा रस आंबवून भट्टीवर एकदा ऊर्ध्वपातन केला की हुर्राक होते, पुन्हा केला की फेणी. म्हणजे नुसत्या आंबवलेल्या सायडरपेक्षा हुर्राक कडक, अल्कोहोल साधारण 15 टक्के. फेणी 40च्या वर जाते. गोव्याच्या काजू फेणीला 2009मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेणी वर्षभर मिळते, हुर्राक मात्र फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंतच, आणि ती फार टिकत नाही. किनारा खरा हिरवा होतो तो जून ते ऑक्टोबर. दोन्ही एकाच फेरीत मिळत नाहीत. मुलांना सुट्टी असेल तर मेचा पहिला पंधरवडा घ्या: हुर्राक, आंबा, फणस आणि घामाच्या धारा. हिरवाई हवी असेल तर ऑक्टोबरची सुरुवात, सोबत फेणी किंवा सोलकढी. भर पावसाळ्यात गेलात तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ताजी मासळी कमी आणि महाग, हे धरून चाला.

आता वाट. रेल्वेनं जायचं तर सोयीचा रस्ता मुंबईवरूनच. अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळी इंदूरहून निघते आणि पहाटे मुंबई सेंट्रलला सोडते. सीएसएमटीहून सकाळी सातच्या सुमारास मांडवी एक्सप्रेस आहे, पण अवंतिकेला उशीर झाला तर ती गेलीच. म्हणून मी सांगेन, रात्रीची कोकणकन्या धरा आणि दिवस मुंबईत काढा. दोन गाड्यांचे पीएनआर जोडण्याची सोय 2019पासून आहे. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे परत मागता येतात. स्थानकांच्या अटी मात्र आधी वाचा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि मेच्या कोकण गाड्या त्याच सकाळी भरतात. थर्ड एसीचं तिकीट दोन्ही टप्प्यांना माणशी हजार ते बाराशेच्या घरात, स्लीपर त्याच्या निम्म्याहून कमी. जूनच्या मध्यानंतर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं आणि गाड्या हळू धावतात.

कुडाळला उतरा, एसटीने वेंगुर्ला गाठा, तीन रात्री राहा. सरकारी फळ संशोधन केंद्र इथेच आहे. 'वेंगुर्ला-4', 'वेंगुर्ला-7' या काजूच्या जाती इथूनच निघाल्या. मग शिरोडा, रेडी, तेरेखोलचा किल्ला, आणि खाडी ओलांडून केरीला फेरीबोट. पायी चढणाऱ्याला तिकीट नाही. पुढच्या दोन रात्री केरी-मांद्रे बाजूला. आधी महाराष्ट्र, मग गोवा हा क्रम मुद्दाम सांगतोय. गोव्याची बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांदा-इन्सुली भागात तपासणी होते.

दोघांचा पाच रात्रींचा अंदाज असा. रेल्वेची आठ तिकिटं 9,200. खोली रोजची 2,000 धरून 10,000. दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा मिळून दिवसाला 1,200, म्हणजे 6,000. एसटी, रिक्षा, मुंबईतली टॅक्सी 3,000. गोव्यात दोन दिवस भाड्याची स्कूटर 1,000. हुर्राक, सोडा, चकणा 1,000. एकूण 30,200, आणि त्यातलं पिण्याचं निमित्त फक्त हजाराचं. म्हणून दिवस कापून पैसे वाचवू नका. एक रात्र वाढवली तर साधारण सव्वातीन हजार वाढतात, पुन्हा यायचं म्हटलं तर तिकिटंच नऊ हजारांची.

साध्या गावठी बारमध्ये हुर्राकचा ग्लास शंभराच्या आत मिळायला हवा. लिम्का, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची, ही तिथली रीत. किनाऱ्यालगतच्या शॅकमध्ये तोच ग्लास दुपटीने पडतो, आणि मिरचीही बहुधा मागून घ्यावी लागते. बिल नीट बघा. दारूवर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो. जेवणावरचा 5 टक्के जीएसटी सगळ्या बिलावर चढवला असेल तर काढायला सांगा. सेवाशुल्क ऐच्छिक आहे. काढत नसतील तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर 2025पासून जीएसटी 5 टक्के आहे.

गोव्यात 21 वर्षांखालच्याला दारू देत नाहीत. वाळूवर बसून पिण्याला दंड होतो. स्कूटर काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचीच घ्या. खासगी पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे. हुर्राक चवीला सरबतासारखी लागते, म्हणून ती प्याल त्या दिवशी स्कूटरला हात लावू नका. पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तरी दंड 10,000, कैद किंवा दोन्ही. शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरून मिळणारी सुटी हुर्राक ओळखीच्या, परवाना असलेल्या ठिकाणचीच प्या.

परतीला थिवीहून कोकणकन्या घ्या, सकाळी मुंबई, संध्याकाळी अवंतिका. मधल्या वेळासाठी स्थानकावरची क्लोकरूम आहे. सामानात फेणी ठेवू नका: थिवी सुटली की थोड्याच वेळात महाराष्ट्र, आणि अवंतिका तर सुरत-वडोदऱ्यावरून, म्हणजे दारूबंदीच्या गुजरातेतून रात्री येते. पिशवीत जागा असेल तर कोकमाचं आगळ आणा. लिटरला 200 ते 350 रुपये पडतात. साखरेचं अमृत कोकम वेगळं आणि मिठाचं आगळ वेगळं, सोलकढीला आगळच हवं. झाकणाला चिकटपट्टी लावून बाटली उभीच ठेवा.