जुना मॅक-गेम नव्या मॅकवर का उघडत नाही?

प्रश्न : ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ची मॅक आवृत्ती माझ्या एम१ मॅकबुकवर सुरूच होत नाही. रोझेटा असूनही असं का?

उत्तर : दोष मॅकबुकचा नाही. ही आवृत्ती ३२-बिट आहे आणि २०१९च्या कॅटलिनापासून मॅकओएसने ३२-बिट प्रोग्रॅमना दार बंद केलं. रोझेटा २ इंटेल मॅकचे प्रोग्रॅम चालवतं, पण फक्त ६४-बिट. त्यामुळे गेमची मूळ विंडोज आवृत्ती क्रॉसओव्हरमधून, म्हणजे मॅकवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चालवणं श्रेयस्कर. ‘मॅकसाठी केलेलं सोडून विंडोजचं कशाला?’ असं कुणी म्हणेल. पण ती मॅक आवृत्तीही आतून विंडोजचीच होती, वरून फक्त सायडर नावाच्या तशाच सॉफ्टवेअरचं वेष्टण. ते वेष्टण जुनं झालं. क्रॉसओव्हर मात्र अजून सुधारतंय. वेग थोडा घटेल, तरी २००९च्या गेमला तो पुरेसा असतो. क्रॉसओव्हरसाठी पैसे भरण्याआधी त्याच्या चाचणी आवृत्तीत खेळून पाहाच.